बिल्ड कोणी मोडला?

ऑफिसात दोघींना थोरली आणि धाकटी याच नावांनी ओळखत. सख्ख्या बहिणी, एकाच कंपनीत, एकाच मजल्यावर, मध्ये फक्त एक काचेची भिंत. थोरली आधी लागली होती. धाकटी मागून आली, आणि मुलाखतीत तिने आधीच सांगून टाकलं होतं, "ती माझी बहीण आहे, पण तिच्या ओळखीने मला घेऊ नका." घेतलं ते तिच्या उत्तरांवरच.

कंपनी लिफ्टचे प्रोग्राम लिहायची. दार किती वेळ उघडं ठेवायचं, मजल्याला नेमकं कुठे टेकायचं, दोन मजल्यांवरून एकदम बटण दाबलं तर आधी कुणाकडे जायचं, असली सगळी अक्कल लिफ्टला द्यायची. इमारतीच्या मागच्या अंगाला चाचणीसाठी एक खरीखुरी लिफ्ट उभी केली होती. आजूबाजूला खोल्या नाहीत, माणसं नाहीत, नुसता लोखंडी सांगाडा आणि त्यात वर-खाली करणारी एक पेटी. कुठलाही नवा प्रोग्राम आधी हिच्यात भरायचा आणि मग कंपनीचा फिटर तिच्यात बसून फेऱ्या मारायचा. "माझ्याएवढा प्रवास करून कुठेच न पोचलेला माणूस दुसरा नसेल," असं तो म्हणायचा.

थोरलीकडे बिल्ड होता. प्रत्येक जण आपल्या टेबलावर प्रोग्रामचा आपला आपला तुकडा लिही. ते सगळे तुकडे गोळा करायचे, यंत्राला समजेल अशा रूपात आणायचे, चाचण्या चालवायच्या आणि शेवटी लिफ्टमध्ये भरता येईल असं पॅकेज बांधायचं, हे सगळं एका कमांडवर आपोआप करणारी व्यवस्था तिने बसवली होती. त्या साऱ्या खटाटोपाला बिल्ड म्हणत. मध्ये कुठेही काही अडलं, एखादी चाचणी नापास झाली, की बिल्ड मोडला असं म्हणायचं.

धाकटीकडे जुळणी होती. रोज दुपारी ती सगळ्यांचे नवे बदल एकत्र करायची आणि पूर्ण बिल्ड चालवायची. ज्याचा त्याचा तुकडा ज्याच्या त्याच्या टेबलावर गुण्यागोविंदाने चालायचा. एकत्र आणले की भांडणं सुरू. ती भांडणं शोधून काढणं हेच तिचं काम, आणि त्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

एके दिवशी विभागाच्या मॅडमनी थोरलीला बोलावलं. मॅडम हुशार होत्या, कष्टाळू होत्या, फक्त त्यांना धीर नव्हता.

"आपली कामं वेळेवर होत नाहीत," त्या म्हणाल्या, "आणि का होत नाहीत असं विचारलं की प्रत्येक जण छताकडे बघतो. मला छत नको, आकडे हवेत. तुझ्या बिल्डला सेन्सर जोड."

सेन्सर म्हणजे काही हातात धरायची वस्तू नव्हे. बिल्डच्या प्रत्येक टप्प्याला चिकटून बसणारा छोटा प्रोग्राम. टप्पा कधी सुरू झाला, कधी संपला, किती चाचण्या पास, किती नापास, हे टिपायचं आणि एका सर्व्हरकडे धाडायचं. थोरलीला काम मनापासून आवडलं. पहिल्याच प्रयत्नात मात्र फजिती झाली. सर्व्हर बंद होता, सेन्सर त्याच्या उत्तराची वाट बघत राहिला, आणि त्याच्यामागे सगळ्यांचा बिल्ड खोळंबला.

"पाहुणा उंबरठ्यात बसून राहिला, आता घरच्यांनी बाहेर कसं पडायचं?" गुरुजी म्हणाले.

गुरुजी म्हणजे ऑफिसातले सर्वांत जुने प्रोग्रामर. काहीही विचारलं तरी मुळापासून समजावून सांगत, म्हणून ते गुरुजी. लिफ्टच्या दाराचा सगळा भाग त्यांच्याकडे होता.

थोरलीने सेन्सर सुधारला. सर्व्हर बंद असला तर नोंद स्वतःपाशी ठेवायची, मागाहून पाठवायची, पण बिल्डच्या पायात पाय घालायचा नाही. आठवड्याभरात सगळं सुरळीत झालं. कुठल्या चाचण्या उगाच वेळ खातात ते दिसायला लागलं, तिने त्या सुटसुटीत केल्या, आणि लोक तिला येऊन धन्यवाद देऊ लागले.

मग मॅडम म्हणाल्या, "बिल्ड कोणी चालवला, तेही टिप."

"कशाला?"

"मोडला तर कुणाला विचारायचं ते कळायला नको?"

म्हणणं सरळ होतं. ज्याच्या लॉगिनवरून बिल्ड सुरू होईल त्याचं नाव सेन्सरने टिपावं, एवढीच भर घालायची होती. थोरलीने ती घातली.

पुढच्या सोमवारी पाण्याच्या मशीनशेजारी भिंतीवर एक टीव्ही लागला. त्यावर प्रत्येकाचं नाव आणि नावापुढे दोन पट्ट्या. चाललेल्या बिल्डची हिरवी, मोडलेल्यांची लाल. सगळ्यांत लांब लाल पट्टी धाकटीची होती.

कारण उघड होतं. सगळ्यांचे तुकडे जिथे पहिल्यांदा समोरासमोर येत, तो बिल्ड रोज तीच चालवायची. भांडण कुणाचंही असो, ते तिच्या दारात व्हायचं आणि नाव तिचं लागायचं. थोरलीच्या हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं. ती मॅडमच्या केबिनपर्यंत गेलीही, आणि दाराशीच थबकली. आपण आता तोंड उघडलं तर लोक म्हणणार, बहिणीची पट्टी पुसायला आली. त्यापेक्षा कळेल लोकांना आपोआप, असं म्हणून ती परत फिरली.

लोकांना काही कळलं नाही. कुणीतरी धाकटीच्या टेबलाला 'तोडफोड विभाग' म्हणायला सुरुवात केली. धाकटी आधी सगळ्यांबरोबर हसली. मग नुसतंच तोंड हसायला लागलं. मग ती पाणी प्यायला खालच्या मजल्यावर जाऊ लागली.

त्याच सुमारास कंपनीला एका हॉस्पिटलच्या लिफ्टचं मोठं काम मिळालं. स्ट्रेचर जाईल अशा मोठ्या लिफ्ट, दारांची वेगळी तऱ्हा, चुकायला जराही वाव नाही. काम धाकटीकडे येणार असं सगळे धरून चालले होते. मॅडमनी ते गुरुजींना दिलं. धाकटीला आत बोलावून त्या म्हणाल्या, "तुझी मेहनत मला दिसते गं. पण वरचे लोक टीव्ही बघून जातात. त्यांना मी काय सांगू?"

दोघी बहिणी आईकडे राहत. थोरलीचा नवरा जहाजावर, वर्षातले बरेच महिने पाण्यात. धाकटीचं लग्न व्हायचं होतं. त्या संध्याकाळी थोरली घरी पोचली तेव्हा धाकटी स्वयंपाकघरात भांडी घासत होती. घासलेलीच भांडी पुन्हा.

"तुला माहीत होतं?" तिने मागे न बघता विचारलं.

"काय?"

"ताई, उगाच भोळेपणाचा आव आणू नकोस. माझं नाव का लागतंय ते तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

धाकटीने नळ बंद केला. "आणि तू गप्प बसलीस."

"अगं, मी बोलले असते तर लोकांनी म्हटलं असतं, बहिणीची बाजू घेतेय."

"मग आता लोक तुला काय म्हणतात? काहीच नाही ना? मग झालं तर. तुझं तर छान चाललंय." हात पुसून ती आपल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर थोरलीला जरा बरं वाटलं असतं.

त्यानंतर दोघींचं बोलणं बंद झालं. घरात काही सांगायचं झालं की आईमार्फत. दूध संपलं, बिल भरलं, किल्ली कुठे आहे, सगळं आईच्या कानी घालायचं. आईने अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती, हाताने कॉल जोडायचे दिवस तिने पाहिले होते. चार दिवस तिने निमूटपणे निरोप पोचवले. पाचव्या दिवशी ताटं वाढता वाढता म्हणाली, "मी रिटायर झालेय. दोघींनी आपापल्या लाइनी सांभाळा." आणि स्वतःचं जेवण उरकून शेजारी गप्पा मारायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी थोरली मॅडमच्या केबिनमध्ये गेली, ती थेट आत.

"सेन्सर चुकीचं नाव टिपतोय. बिल्ड कोणी चालवला ते टिपतो, कुणाच्या बदलामुळे मोडला ते नाही. मला तो सुधारायचा आहे."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "बहिणीसाठी आलीस?"

"हो. आणि मोजमाप चुकलंय म्हणूनही. दोन्ही खरं आहे. म्हणून सुधारणा मी करते, पण ती बरोबर आहे की नाही हे गुरुजी तपासतील. धाकटीचं काम त्यांच्याकडे गेलंय. ते तरी तिच्या बाजूने झुकणार नाहीत."

मॅडमना हा युक्तिवाद पटला.

दुरुस्तीला वेळ लागला. जुळणीचा बिल्ड मोडला की सेन्सरने शेवटचा चांगला बिल्ड घ्यायचा, त्यात एकेकाचा बदल घालून पाहायचा, आणि कुठल्या बदलावर गाडी अडते ते शोधायचं. जुन्या नोंदींवरही तिने ते चालवलं. निकाल गुरुजींपुढे ठेवले आणि ती आपल्या जागेवर जाऊन बसली.

गुरुजींनी दोन दिवस घेतले. सगळं मुळापासून पाहिलं, दोन ठिकाणी तिच्या चुका काढल्या, त्या दुरुस्त करून घेतल्या. मग चष्मा काढून तो बराच वेळ पुसत बसले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "सगळ्यांत वर माझं नाव येतंय."

"दाराचा भाग तुमच्याकडे आहे ना. त्याचा सगळ्यांशीच संबंध."

"हो, हो. ते मला समजावून सांगू नकोस." आणि त्यांनी मॅडमना 'तपासलं, योग्य आहे' असं कळवून टाकलं.

टीव्हीवरच्या पट्ट्या बदलल्या. धाकटीची लाल पट्टी पार गेली नाही. तिच्याही हातून मोडलेले काही निघालेच. पण ती मध्यावर कुठेतरी, चारचौघांसारखी झाली. हॉस्पिटलचं काम मात्र गुरुजींकडेच राहिलं. दिलेलं काम काढून घेतलं तर ते वाईट दिसतं, असं मॅडमचं म्हणणं.

घरी थोरलीने चपला काढता काढता सांगितलं, "तुझं नाव वरून गेलं."

"बघितलं मी," धाकटी म्हणाली. इतक्या दिवसांत थेट बोललेलं हे पहिलं वाक्य. "म्हणजे आता लोक गुरुजींना हसणार. तेवढंच केलंस तू."

थोरलीला हे झोंबलं.

पुढच्या काही आठवड्यांत टीव्हीवरचा लाल रंग भराभर कमी झाला. मॅडमनी सगळ्यांना कौतुकाचा मेल धाडला. थोरलीने मात्र हिरव्या पट्ट्या पाहिल्या. त्याही आखडल्या होत्या. मोडणारे बिल्ड कमी झाले होते, कारण मुळात बिल्डच कमी झाले होते. मोडला तर नाव लागणार म्हणून लोक आपले बदल उराशी धरून बसत, आणि मग एकदम मोठा गठ्ठा धाकटीच्या पुढ्यात टाकत. थोरली मॅडमना हे सांगायला गेली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "चांगलं चाललंय तर त्यात खोट कशाला काढतेस?"

मग एका दुपारी लिफ्ट अडकली.

मागच्या बाजूने आधी धाडकन आवाज आला, मग दार उघडमिट करतंय असा खडखडाट. सगळे धावले. पेटी दोन मजल्यांच्या मध्ये लटकली होती. दार अर्धं उघडायचं, आपटून मिटायचं, पुन्हा उघडायचं. आत फिटर होता.

"मी ठीक आहे!" तो वरून ओरडला. "पण हिच्या अंगात काय संचारलंय ते बघा! खांद्यावर बसलाय एक तडाखा!"

धाकटी कंट्रोलच्या पॅनेलपाशी पोचली. पॅनेलवर प्रोग्रामचा जो क्रमांक दिसत होता तो तिच्या ओळखीचा नव्हता. ती वळली आणि गर्दीवरून ओरडली, "ताई! हिच्यात कुठला बिल्ड भरलाय?"

थोरली जागेवर पळाली, सेन्सरच्या नोंदी उघडल्या, वर-खाली शोधलं. "असा बिल्डच झालेला नाही!" ती खिडकीतून ओरडली. "एकही नोंद नाही!"

मग गुरुजी पुढे आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी भरला," ते म्हणाले. "माझ्या टेबलावरून, थेट. बिल्डमधून नेला नाही."

धाकटी पुढचं ऐकायला थांबलीच नाही. तिने आधी दाराची वीज तोडली, मग तिच्याकडे जपून ठेवलेलं शेवटचं चांगलं पॅकेज लिफ्टमध्ये भरलं. पेटीने एक हिसका दिला आणि मुंगीच्या पावलांनी खाली आली. हाताने दार ढकलून फिटर बाहेर पडला. एक खांदा दुसऱ्या हाताने धरलेला, शर्ट फाटलेला. तो गुरुजींच्या समोर जाऊन उभा राहिला.

"हात मध्ये असता तर?" त्याने विचारलं. ओरडला नाही.



फिटरला डॉक्टरकडे पाठवल्यावर मॅडमच्या केबिनमध्ये चौघं बसली: मॅडम, गुरुजी आणि दोघी बहिणी.

"तुम्ही?" मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्या कुणी असला आचरटपणा केला असता तर मी समजले असते. तुम्ही, गुरुजी?"

"बिल्डमध्ये घातला असता तर मोडला असता. मला ठाऊक होतं. आधी लिफ्टवर चालवून बघू, ठीक वाटलं तर मग रीतसर घालू, असं म्हटलं." ते थांबले. "लाल पट्टी नको होती मला. एवढंच. या वयात नको होती."

थोरली म्हणाली, "मॅडम, मी सेन्सरमधून नाव काढून टाकतेय."

"मी काढ म्हटलेलं नाही."

"तरी काढतेय. चुकीचं नाव होतं तेव्हा एकीचं नुकसान झालं. बरोबर नाव लावलं तर सगळे बिल्ड चुकवायला लागले. आज ज्या प्रोग्रामने खांदा फोडला, नेमकी त्याचीच नोंद आपल्याकडे नाही. मग मोजतोय काय आपण?"

"आणि जबाबदारी? ती कुणाची ते कसं कळणार?"

"आज कळायला टीव्ही लागला का? ते स्वतःच पुढे आले."

मॅडम खिडकीकडे वळल्या. खिडकीतून मागचा सांगाडा दिसत होता. पेटी तळाशी दार उघडं टाकून उभी होती.

"नावाच्या जागी काय टिपणार?" अखेर त्यांनी विचारलं.

"प्रोग्रामचा कुठला भाग मोडला ते. दार, वेग, मजला, बटणं. दाराचा भाग सारखा मोडतो हे कळलं की तिथे आणखी दोन माणसं देता येतील. गुरुजी एकटेच त्याच्याशी झुंजताहेत."

इतका वेळ न बोललेली धाकटी म्हणाली, "आणि लिफ्टच्या पॅनेललाही काहीतरी शिकवा. जे पॅकेज बिल्डमधून आलेलं नाही, ते तिने घ्यायचंच नाही. कुणी का भरेना."

"हे बरोबर," गुरुजी हळूच म्हणाले.

मॅडमनी दोन्हीला मान डोलावली. तीन महिने करून बघू, असं म्हणाल्या. टीव्ही त्यांनी काढला नाही, पण त्यावर आता भागांची नावं आली. दाराच्या पट्टीवरून पुन्हा विनोद झाले, मात्र ते दारावर. जुळणीची पाळी एकेकाकडे जाऊ लागली आणि हळूहळू रोजच्या बिल्डची संख्या पूर्ववत झाली.

गुरुजींनी हॉस्पिटलचं काम स्वतःहून सोडलं. फिटरच्या घरी ते दोनदा जाऊन आले. काय बोलणं झालं ते दोघांनीही कुणाला सांगितलं नाही. मॅडमनी धाकटीला बोलावून काम तिच्यापुढे केलं.

"नको," धाकटी म्हणाली. "मला साइटवर पाठवा. लिफ्ट बसवतात तिथे."

"वेडी आहेस का? तुला हेच तर हवं होतं."

"हवं होतं. आता काही मोडलं की आधी सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळतात की काय, असं होतं मला. वळत नसतील. तरी होतं."

थोरलीला हे मॅडमकडूनच समजलं. तिने सेन्सर दोनदा दुरुस्त केला होता, त्यातून नावही काढलं होतं. धाकटीच्या मनातलं ते होणं मात्र तिच्या हातात नव्हतं.

धाकटी साइटवर जाऊ लागली. अवजारांचे आवाज, जिन्यातली धूळ, फिटरची अखंड बडबड. तिला ते मानवलं. जेवताना ती साइटवरच्या गमती आईला सांगे, थोरली ऐके, आणि मध्येच एखादा प्रश्न विचारी. धाकटी उत्तर देई.

एका रात्री जेवण आटोपल्यावर आई झोपायला गेली आणि दोघीच मागे राहिल्या. थोरली म्हणाली, "मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. "बोलायला हवं होतंस."

जाऊ दे, असं ती म्हणाली नाही. थोरलीनेही ते तिच्याकडून वदवून घ्यायचा प्रयत्न केला नाही.

मग धाकटी उठता उठता म्हणाली, "उद्या गावाबाहेरच्या साइटवर जायचंय, लवकर. सामानही आहे बरंच. गाडीने सोडशील का?"

"सोडते," थोरली म्हणाली. "किती वाजता उठवू?"